किंमत खोक्याची की थांबलेल्या कामाची?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा आधार काढून घेतला. जुलै २०१५ मध्ये आलेली ही प्रणाली दहा वर्षं जगभरच्या कार्यालयांत चालली. त्या दिवसापासून तिच्यात सापडणाऱ्या भोकांना फुकट ठिगळं मिळणं थांबलं. बरोबर आठवड्याने, २१ ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजन होतं. चंद्रपूर जिल्ह्याच्या पूर्वेला, मूल-गडचिरोली रस्त्यावरच्या सावली गावात दिवाळी म्हणजे धानाच्या हंगामाचं तोंड. हलका धान निघालेला असतो, भारी धान बांधीत उभा असतो आणि राईस मिलच्या कार्यालयात वह्यांबरोबर संगणकालाही हळदकुंकू लागतं. त्यांतले किती संगणक आता बिनआधाराचे झाले आहेत आणि त्याची किंमत किती, हे मात्र त्या वह्यांत कुठेच मांडलेलं नसतं.

अशा वेळी दोन आवाज ऐकू येतात. संगणक विकणारा म्हणतो, सगळे बदलून टाका, दोन वर्षांत पैसे वसूल होतील. मालक म्हणतो, चालतंय तोवर चालू द्या, उगाच खर्च कशाला? ही दोन टोकं वाटतात, पण दोघांचीही नजर एकाच आकड्यावर असते: दुकानातल्या खोक्याच्या किमतीवर. एकाला ती मिळवायची असते, दुसऱ्याला वाचवायची असते. प्रणाली बदलल्याने पैसे वाचतात हे खरं आहे. मात्र ती बचत थांबलेल्या कामाची, दुरुस्तीच्या फेऱ्यांची आणि गेलेल्या नोंदींची असते, आणि प्रत्येक संगणकामागे ती वेगळी निघते. त्यामुळे ‘सगळे बदला’ आणि ‘काहीच बदलू नका’ ही दोन्ही धोरणं शेवटी महागच पडतात.

मोठ्या कंपन्यांना प्रणाली विकताना बचतीचे जे अहवाल दाखवले जातात, त्यांची मांडणी एकदा नीट पाहावी. मायक्रोसॉफ्टने फॉरेस्टर या सल्लागार कंपनीकडून पैसे देऊन असे अहवाल करून घेतले आहेत. त्यात वेळेच्या बचतीला मोठं स्थान असतं. संगणक लवकर सुरू झाला, तक्रारीचे फोन कमी झाले, कर्मचाऱ्याची रोज अमुक मिनिटं वाचली. त्या मिनिटांना पगाराने गुणायचं, मग हजारो कर्मचाऱ्यांनी गुणायचं, की लाखो डॉलर दिसू लागतात. हे गणित सावलीत टिकत नाही. मिलच्या मुनीमजींना महिन्याचा पगार असतो. श्रावणात त्यांची रोजची वीस मिनिटं वाचली, तर मालकाच्या गल्ल्यात एक रुपया जास्त पडत नाही. नोव्हेंबरात फाटकाबाहेर धानाच्या गाड्यांची रांग लागलेली असताना मात्र तीच वीस मिनिटं रोख पैशाची होतात. गाडीवाला थांबण्याचे पैसे मागतो, हमाल बसून राहतात आणि दिवसाला चार खेपांच्या जागी तीनच होतात. मिनिटाची किंमत हंगाम ठरवतो. वर्षभराची सरासरी काढणाऱ्या अहवालाला हे दिसत नाही.

मिलमधला सर्वात महत्त्वाचा संगणक बहुधा सर्वात जुना असतो. तो काट्याच्या खोलीत असतो. ट्रक काट्यावर चढला की इंडिकेटरवरचे लाल आकडे वरखाली होतात, मग स्थिरावतात. ते वजन एका जाड केबलमधून संगणकाच्या पाठीमागच्या नऊ पिनांच्या सिरियल पोर्टात जातं आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटर कर्कश आवाज करत पावतीच्या प्रती काढतो. कॅबिनेटच्या जाळीवर कोंड्याचा थर बसलेला असतो. काट्याचं सॉफ्टवेअर कोणीतरी विंडोज एक्सपीच्या काळात बसवून दिलेलं असतं आणि त्या एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ लाच संपला आहे. नव्या संगणकाला बहुधा हे पोर्टच नसतं. स्वस्तातला यूएसबी कन्व्हर्टर आणून जोडला आणि त्यात पीएल-२३०३ या चिपची जुनी आवृत्ती निघाली, तर विंडोज ११ तिला स्वीकारत नाही. ही चिप २०१२ पासून बंद झाली आहे, पुरवठादाराशी संपर्क साधा, एवढा संदेश पडद्यावर येतो. भर हंगामात नवाकोरा संगणक टेबलावर आणि काटा बंद, अशी गत होते. इथे घाईचा बदल हेच नुकसान असतं.

शेजारच्या खोलीतल्या हिशेबाच्या संगणकाची गोष्ट नेमकी उलटी आहे. त्यावर बँक चालते, जीएसटीचं विवरण भरलं जातं, ई-वे बिल निघतं आणि डिजिटल सहीचा डोंगल लावला जातो. शासनासाठी भरडाई करणाऱ्या मिलला एक क्विंटल धानामागे ६७ किलो तांदूळ परत द्यावा लागतो. किती धान उचलला, किती तांदूळ जमा केला याच्या नोंदी हीच तिची पत असते. हा संगणक इंटरनेटपासून तोडता येत नाही, आणि जुन्या प्रणालीवर तो हळूहळू आंधळा होत जातो. गूगलने फेब्रुवारी २०२३ पासून क्रोमच्या नव्या आवृत्त्या विंडोज ७ साठी देणं थांबवलं. आधी एखादं पान वेडंवाकडं दिसतं, पुढे संकेतस्थळ ब्राउझर जुना आहे म्हणून दटावतं, आणि एके दिवशी बँकेचं पान उघडतच नाही. त्या दिवशी नेमकी विवरणाची शेवटची तारीख असली, तर त्या दंडाची नोंद कोणीही ‘जुन्या प्रणालीचा खर्च’ म्हणून करत नाही. तो ‘किरकोळ’ या खात्यात जातो, आणि जुना संगणक फुकटात चालतो हा समज तसाच राहतो.

आधार संपल्यावरही थांबायचं असेल तर मायक्रोसॉफ्टने एक दार उघडं ठेवलं आहे, पण त्याला जकात आहे. कंपन्यांसाठी विंडोज १० च्या सुरक्षा दुरुस्त्या तीन वर्षांपर्यंत विकत मिळतात. पहिल्या वर्षी दर संगणकाला ६१ डॉलर, दुसऱ्या वर्षी १२२ आणि तिसऱ्या वर्षी २४४. दुसऱ्या वर्षी घ्यायचं ठरवलं तरी पहिल्या वर्षाचे पैसे भरावेच लागतात. डॉलर ८८ रुपये धरला तर तीन वर्षांचे ४२७ डॉलर म्हणजे एका संगणकामागे ३७,५७६ रुपये. त्यात थोडी भर घातली की कार्यालयापुरता नवा डेस्कटॉप येतो. घरगुती वापरासाठी वर्षभराची स्वस्त सोय आहे, पण ती धंद्याच्या संगणकाला लागू नाही. ‘चालतंय तोवर चालू द्या’ या धोरणाचा नियमाने चालणारा भाव हा असा आहे.

नियमाबाहेर चालणाऱ्या धोरणाचा भाव याहून मोठा असतो. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय हा खंडणीखोर विषाणू जगभर पसरला. ब्रिटनच्या सरकारी आरोग्य सेवेत सुमारे १९,००० रुग्णांच्या भेटी रद्द झाल्या आणि तिथल्या आरोग्य खात्याने एकूण नुकसान ९ कोटी २० लाख पौंडांचं धरलं. या प्रकरणातली खरी शिकवण सहसा सांगितली जात नाही. बाधित यंत्रांत एक्सपीचा वाटा लहान होता. बहुसंख्य यंत्रं तेव्हा आधार असलेल्या विंडोज ७ ची होती, आणि ते भोक बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच, म्हणजे जवळपास दोन महिने आधी, फुकट दिली होती. बाधित यंत्रांवर ती बसवलेली नव्हती. नवा संगणक घेऊन तो असाच पडू देणाऱ्याचा पैसाही वाचत नाही, हे त्यातून दिसतं.

महाराष्ट्राला असाच झटका त्याच वर्षी २७ जूनला बसला. नॉटपेट्या नावाचा विषाणू युक्रेनमधल्या एका कर-हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटला आणि मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या जाळ्यात शिरला. तिच्याच समूहाचं एक टर्मिनल न्हावा-शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरात आहे. तिथली संगणकीय व्यवस्था कोलमडली आणि कंटेनरची कामं हाताने करायची वेळ आली. मर्स्कने सुमारे ४५,००० संगणक आणि ४,००० सर्व्हर दहा दिवसांत नव्याने उभे केले आणि नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात सांगितलं. पुढच्या वर्षी, जून २०१८ मध्ये, रिझर्व्ह बँकेने एक्सपीवर चालणारी एटीएम टप्प्याटप्प्याने जून २०१९ पर्यंत नव्या प्रणालीवर आणण्याचा आदेश बँकांना दिला. एक्सपीचा आधार संपून तेव्हा चार वर्षं उलटून गेली होती. पैसा हाच ज्यांचा धंदा, त्या संस्थांनाही तारीख घालून दिल्याशिवाय हा खर्च सुचला नाही.

याचा अर्थ येईल ते अपडेट डोळे मिटून घ्यावं असाही नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने जगभरचे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकवले. भारतातल्या विमानतळांवर त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. म्हणून आधी एका संगणकावर करून पाहावं, चार दिवस थांबावं, मग बाकीच्यांवर करावं. ही शिस्त बिनपैशाची आहे, आणि पाच संगणकांच्या कार्यालयाला ती पाच हजार संगणकांच्या कंपनीपेक्षा सहज जमते.

मग बदल कधी परवडतो हे मोजायचं कोणत्या मापाने? त्यासाठी परदेशी सल्लागाराकडे जायची गरज नाही. एक उत्तम माप या गावाशी नातं असलेल्या माणसाने शंभरेक वर्षांपूर्वीच घालून दिलं आहे. १९३६ च्या फेब्रुवारीअखेरीस आणि मार्चच्या सुरुवातीला गांधी सेवा संघाचं अधिवेशन सावलीत भरलं होतं आणि गांधीजी त्यासाठी इथे राहिले होते. खादीच्या कामासाठी सावली तेव्हा ओळखली जाई. त्याआधी, १९२९ मध्ये, अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. गांधीजी यंत्राचे सरसकट वैरी होते असं म्हणणाऱ्यांनी त्या स्पर्धेच्या अटी वाचाव्यात. यंत्र हलकं असावं, खेड्यातल्या घरात हाताने किंवा पायाने चालवता यावं. बाईला फार न थकता त्यावर आठ तास काम करता यावं. किंमत १५० रुपयांच्या वर नसावी. यंत्र किमान २० वर्षं टिकावं, आणि वर्षाची देखभाल किमतीच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावी. ते बक्षीस कोणालाच मिळालं नाही. अटी मात्र आजही चोख आहेत, कारण त्या खरेदीच्या किमतीवर थांबत नाहीत. आयुष्य, देखभाल आणि चालवणाऱ्या माणसाचे कष्ट त्या एकाच हिशेबात धरतात. व्यवस्थापनाच्या वर्गांत आज हाच हिशेब मालकीचा एकूण खर्च म्हणून शिकवला जातो.

ही पाच टक्क्यांची अट संगणकाला लावून पाहावी. ४५,००० रुपयांच्या संगणकाची वार्षिक देखभाल २,२५० रुपयांत बसायला हवी. विंडोज १० च्या विकतच्या दुरुस्त्या पहिल्याच वर्षी १२ टक्क्यांवर जातात आणि तिसऱ्या वर्षी ४८ टक्क्यांच्या आसपास. जुनं धरून ठेवणं या कसोटीला उतरत नाही. पण आयुष्याच्या अटीवर नवंही नापास होतं. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. २०१७ मध्ये घेतलेला सातव्या पिढीचा संगणक बहुधा अंगाने धडधाकट असतो, तरी आठ वर्षांत तो नियमाने बाद ठरतो. आयकराच्या हिशेबात संगणकावर वर्षाला ४० टक्के घसारा मिळतो. ४०,००० चा संगणक पाच वर्षांत कागदावर ३,११० रुपयांचा उरतो. त्यामुळे चार्टर्ड अकाउंटंटच्या दृष्टीने तो कधीच मेलेला असतो. तरीही तो पत्रं टाइप करतो, कॅमेऱ्यांची चित्रं दाखवतो. कॅनालिस या संशोधन संस्थेने २०२३ मध्ये अंदाज केला होता की विंडोज १० चा आधार संपल्यामुळे जगात सुमारे २४ कोटी संगणक भंगारात निघू शकतात. ते सगळेच मोडलेले नसणार.

अशा संगणकांसाठी तिसरा रस्ता आहे, लिनक्सचा. केरळच्या सरकारी शाळांनी तो घेतला. तिथल्या काइट या सरकारी कंपनीने दोन लाखांहून अधिक शालेय संगणकांवर मुक्त प्रणाली बसवली आणि परवान्यांचे ३,००० कोटी रुपये वाचल्याचा दावा २०१९ मध्ये केला. तो दावा प्रत्येक संगणकाला दीड लाखाचं सॉफ्टवेअर विकत घेतलं असतं असं धरून केलेला आहे, तेव्हा तो जपूनच घ्यावा. तरीही एक गोष्ट निर्विवाद आहे: केरळने प्रणालीबरोबर शिक्षकांनाही तयार केलं. जर्मनीतल्या म्युनिक महापालिकेने २००३ मध्ये हाच निर्णय घेऊन सुमारे १५,००० संगणक लिनक्सवर नेले, पैसे वाचल्याचं सांगितलं आणि २०१७ मध्ये पुन्हा विंडोजकडे वळण्याचं ठरवलं. बाहेरच्या लोकांशी कागदपत्रांची देवाणघेवाण अडली, कर्मचाऱ्यांच्या तक्रारी वाढल्या आणि राजकारणही बदललं. फुकट प्रणालीचाही खर्च असतो, तो शिकण्यात आणि जुळवून घेण्यात जातो. सावलीच्या मिलमध्ये टॅली लिनक्सवर थेट चालत नाही आणि डिजिटल सहीचे डोंगल कुरकुरतात. तेव्हा हिशेबाच्या टेबलावर लिनक्स नको. टायपिंगच्या आणि कॅमेऱ्याच्या टेबलावर मात्र ते बिनतक्रार चालतं.

आता पाच संगणकांच्या एका मिलचा हिशेब मांडून पाहू. आकडे गृहीत धरलेले आहेत, पण बाजारभावाच्या आसपासचे आहेत. सरसकट पाचही नवे घेतले तर ४५,००० च्या दराने २,२५,००० रुपये लागतात. निवडून बदल केला तर हिशेबाचा एकच संगणक नवा येतो, ४५,०००. मालकाचा २०२० चा लॅपटॉप विंडोज ११ ला पात्र असतो; तिथे बदल फुकट आणि अर्ध्या दिवसाचा. काट्याचा संगणक आहे तसाच ठेवायचा, पण इंटरनेटची तार काढून टाकायची, त्यात बाहेरचा पेनड्राइव्ह घालू द्यायचा नाही आणि पूर्ण डिस्कची नक्कल काढून ठेवायची, ३,०००. उरलेल्या दोघांत जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवायची आणि लिनक्स टाकायचं, मजुरीसह ८,०००. बॅकअपसाठी बाहेरची डिस्क, ५,०००. एकूण ६१,०००. फरक १,६४,००० रुपयांचा. जुने संगणक मंद वाटतात ते बऱ्याचदा हार्ड डिस्कमुळे, त्यामुळे त्या दोन यंत्रांचा वेगही वाढलेला दिसेल. काहीच केलं नसतं आणि लॅपटॉप व काट्याचा संगणक सोडून तिघांसाठी तीन वर्षं दुरुस्त्या विकत घेतल्या असत्या, तर सुमारे १,१३,००० रुपये गेले असते आणि शेवटी संगणक जुनेच राहिले असते. काट्याच्या एक्सपीला तर ती सोयही नाही.

या हिशेबात एक गृहीतक लपलेलं आहे: प्रणाली विकत घेतलेली आहे. छोट्या गावांत ते नेहमी खरं नसतं. कोणीतरी येऊन ‘फॉरमॅट मारून’ पाचशे रुपयांत विंडोज टाकून जातो. चोरीची प्रणाली चालवणारी साधनं अनेकदा सुरक्षा कवच बंद करूनच आत येतात आणि अपडेटही थांबवतात. असा संगणक नवा असो की जुना, त्याची सर्व दारं सताड उघडी असतात. त्यावरून बँकेचे व्यवहार करणाऱ्याने पाचशे रुपयांत काय विकत घेतलं, याचा विचार करावा. पैसे नसतील तर फुकट आणि कायदेशीर लिनक्स आहे. सी-डॅकने तर २००७ मध्ये बॉस नावाची भारतीय भाषांची प्रणालीच काढली. चोरी हा नाइलाज उरलेला नाही.

चंद्रपूरचं वीज केंद्र, बल्लारपूरची कागद गिरणी, कोळसा खाणी, सिमेंट कारखाने यांना या सल्ल्याची गरज कमी आहे. त्यांच्याकडे स्वतंत्र संगणक विभाग असतात आणि खरेदीचे करार असतात. प्रश्न आहे तो राईस मिल, पतसंस्था, सेवा केंद्र, कृषी केंद्र, खासगी शाळा अशांचा. त्यांच्याकडे संगणकाचा ‘विभाग’ म्हणजे मूलहून किंवा गडचिरोलीहून फोन केल्यावर येणारा एक मुलगा. तो हंगामात कधीच वेळेवर मिळत नाही, कारण तेव्हा सगळ्यांचेच संगणक एकदम बिघडतात. म्हणून बदलाची वेळ ही बचतीतली सर्वात मोठी बाब ठरते. पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत मिलमध्ये काम तुलनेने कमी असतं. तेव्हा केलेला बदल चुकला तरी दुरुस्त करायला महिना हाताशी असतो. तोच बदल दिवाळीनंतर करणारा माणूस वाचवलेले पैसे फाटकाबाहेरच्या रांगेत घालवतो.

मिलमालकांनी, पतसंस्थांच्या संचालकांनी आणि सेवा केंद्र चालवणाऱ्यांनी या पोळ्याला एक काम करावं. एका कागदावर आपल्या प्रत्येक संगणकासमोर पाच गोष्टी लिहाव्यात: कोणत्या साली घेतला, कोणती प्रणाली आहे, तिचा आधार कधी संपतो, इंटरनेट लागतं का, आणि तो हंगामात एक दिवस बंद पडला तर किती रुपयांचं काम थांबतं. कोणता बदलायचा, कोणता दुरुस्त करायचा आणि कोणाची तार काढायची हे त्या शेवटच्या रकान्यावरून ठरवावं. बॅकअपसाठी पोळ्याचीही वाट पाहू नये, तो आजच घ्यावा.